कोरी बरणी

बेडूक फ्रीझरमध्ये ठेवताना पोट वर करून ठेवावा. नाहीतर काढताना पाय तुटतात.

*

"वजाबाकी करणारी बाई म्हणजे वजाबाई," टिटवी म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर इतकी हसली की तिच्या नाकातून पाणी आलं.

*

नियम चौदा. वजाबाकी उणे आल्यास शून्य लिहावे.

*

नव्या इमारतीच्या भिंतींत ग्रॅनाइट आहे, असं मामा म्हणाले. मामा कोणाचेच मामा नव्हते.

*

ससा, एक, गाडीखाली सापडलेला. मांडीचं मांस चारशे ग्रॅम. जागा: गावाबाहेरचं वळण. शेरा: काही नाही.

*

साहेबांच्या टेबलाखाली निळा कॅन असतो. तो रिकामा झाला की साहेबांचा आवाज चढतो.

*

हे सगळं एकाच गोष्टीतलं आहे. सांगते.

वीस वर्षांपूर्वी डोंगरापलीकडच्या वीजकेंद्रात अपघात झाला. तिथून निघालेला ढग दोन दिवस आमच्या डोक्यावर थांबला, थोडा बरसला आणि निघून गेला. तो कशावर किती बरसला ते मोजायला आमची प्रयोगशाळा काढली. दारावर पत्र्याची पाटी आहे: 'माणूस, प्राणी आणि परिसर यांचे किरणोत्सर्गापासून संरक्षण'. 'परिसर'मधला 'प' वाऱ्याने गेला, तेव्हापासून आम्ही 'रिसर'चंही संरक्षण करतो. आमचे फ्रीझरही तीन. पहिल्यात दूध, पाव, मध. दुसऱ्यात ससे, मासे, बेडूक. तिसऱ्यात गवत, चिखल, शेवाळ. एकदा मामांनी डबा चुकून पहिल्या फ्रीझरमध्ये ठेवला आणि दुपारी त्यावर चिठ्ठी लावावी लागली: 'हे जेवण आहे. मोजू नये.'

मोजायची रीत सोपी आहे. नमुना बरणीत भरायचा, बरणी शिशाच्या जाड पेटीत ठेवायची, झाकण लावायचं, तासभर थांबायचं. यंत्र किरणांचे ठोके मोजतं. पण पेटी रिकामी असली तरी काही ठोके पडतातच. भिंतीतून येतात, जमिनीतून येतात, आकाशातून येतात. बाजूला उभ्या असलेल्या माझ्या अंगातूनसुद्धा येतात. म्हणून एक बरणी शुद्ध पाण्याने भरून, बंद करून, ती दर महिन्याला मोजायची. तिचा आकडा प्रत्येक नमुन्यातून वजा करायचा, उरेल तो खरा. दुकानदार आधी रिकामं भांडं तराजूवर ठेवून काटा शून्यावर आणतो, तसंच.

त्या बरणीला आम्ही कोरी बरणी म्हणतो.

आमची कोरी बरणी मी भरली. अकरा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात. प्रयोगशाळा नुकतीच नव्या इमारतीत आली होती आणि येताना जुनी कोरी बरणी फुटली होती. मामा तेव्हा आमच्यातले सगळ्यात जुने. ते म्हणाले, "जा, शुद्ध पाणी घेऊन ये." वाफेपासून शुद्ध पाणी करणारं यंत्र खोक्यात बंद होतं आणि ते खोकं कुठल्या खोलीत आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. नळाला गंजाचं लाल पाणी येत होतं.

शुद्ध पाणी म्हटल्यावर मला एकच जागा आठवली. ताईचा झरा.

*

माझी ताई गावाबाहेर, जंगलाच्या पायथ्याशी राहते. तिच्या घरामागे शेवाळाने भरलेला उतार आहे. त्या शेवाळातून गाळून एक झरा तिच्या अंगणातल्या दगडी टाक्यात पडतो. पाणी थंड, आरपार दिसणारं. सगळं गाव तिथून कॅन भरून नेतं. ताई आणि भाऊजी तेव्हा नुकतेच तिथे आले होते, कायमचं राहायचं अजून ठरत नव्हतं. भाऊजी ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. ताई म्हणायची, "तू मोजतेस ना? मग मोजून सांग. तू राहा म्हणालीस तर राहते."

कोरी बरणी भरली, मोजली. ठोके जास्तच पडले. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ग्रॅनाइटचं सांगितलं, त्या दगडातूनही किरण येतात म्हणून. तो आकडा यंत्रात भरला आणि मग मी पहिला नमुना लावला तो ताईच्याच झऱ्याचा. उरलं शून्य.

शून्य म्हणजे अगदी शून्य. मी पळत जाऊन फोन केला.

"राहा!" मी ओरडले. "ताई, शून्य!"

"शून्य म्हणजे नापास ना गं?" ताई म्हणाली. तिकडे भाऊजी हसलेले मला ऐकू आले.

अजूनही कळलं नसेल तर कळू नये असंच मला वाटतंय. मला स्वतःला कळायला अकरा वर्षं लागली.

*

गेल्या मंगळवारी फरशी बदलायला आलेल्या माणसांना शुद्ध पाणी करणाऱ्या यंत्राचं ते खोकं सापडलं. यंत्र चालू होतं का बघावं म्हणून मी बरणीभर पाणी काढलं आणि हात रिकामे होते म्हणून ते मोजलं.

नवी बरणी: चारशे आठ ठोके.

जुनी कोरी बरणी: एक हजार नऊशे बारा.

भिंत तीच, ग्रॅनाइट तोच, पेटी तीच.

पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा मोजलं, मधल्या तासात मी फ्रीझर पुसले, तिन्ही, आतून. तिसऱ्यांदाही तेच आलं. मग मी खुर्चीत बसले आणि नियम चौदा आठवला. आमच्याकडे उणे आकडे फार यायचे. दूध उणे, पाव उणे, ससा उणे. मामा म्हणायचे, "आपल्या गावात काही नाही, उलट देणं लागतंय." सगळे हसायचे आणि नियमाप्रमाणे शून्य लिहायचे. उणे आकडा ओरडून सांगत होता की तुम्ही जास्तीचं वजा करताय. आम्ही दर वेळी त्याच्या तोंडावर एक गोल चिकटवत होतो.

आणि ताईचा झरा फारसा उणेसुद्धा येत नव्हता. दोन-चार ठोके इकडेतिकडे, नाहीतर शून्यच यायचा, दर महिन्याला, अकरा वर्षं. झऱ्यातून झरा वजा केल्यावर दुसरं काय उरणार?

*

"पुन्हा मोजा," साहेब म्हणाले.

"तीनदा मोजलंय, साहेब."

"यंत्र बिघडलं असेल."

"मग ते दोन्ही बरण्यांना सारखंच बिघडलं असतं."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं. "दूध?"

"हो."

"मध? अळंबी?"

"सगळंच. बऱ्याच गोष्टी मर्यादेच्या आतच असतील. पण आपल्याला माहीत नाही. झऱ्याचं तेवढं माहीत आहे, अडीचपट आहे."

"मर्यादेच्या?"

"मर्यादेच्या."

"पण दरवर्षी मुख्यालयाची तपासणी आपण पास होतो!"

"तपासणीच्या बरणीबरोबर तिची स्वतःची कोरी बरणी येते. आपली त्यात वापरतच नाहीत."

साहेब थोडंसं हसले. दात दुखताना माणूस हसतो तसं. मग नियमाचं पुस्तक काढून मला समजावून सांगायला लागले. आवाज चढला नव्हता. कोरी बरणी बदलायची तर समितीची मंजुरी लागते. समिती तीन महिन्यांनी बसते. तोपर्यंत जुनीच वापरायची.

"आणि झऱ्यावर येणाऱ्या लोकांना?"

"लोकांना सांगायला खात्रीचा आकडा लागतो. खात्रीचा आकडा मंजूर बरणीनेच काढायचा असतो."

"मुख्यालयात ती खुर्ची आहे ना, माणसाला बसवून त्याच्या अंगातलं मोजतात ती? माझ्या भाचीला तिथे नेलं तर?"

"त्या अर्जाला खात्रीचा आकडा जोडावा लागतो," साहेब म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "हो. मला पण ऐकू येतंय मी काय बोलतोय ते."

"साहेब, तुम्ही वरती बोललात तर..."

"बोलतो. आजच पत्र टाकतो. पण ते विचारतील, अकरा वर्षं काय करत होता? तुमचं उणंदुणं काढायला मी बसलेलो नाही, बाई. दर आठवड्याला दोन कॅन मीच नेतो तिथून. आईला दुसऱ्या पाण्याचा चहा चालत नाही. कप परत पाठवते."

बोलता बोलता त्यांनी टेबलाखालचा कॅन पायाने मागे सरकवला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

*

रविवारी बसमध्ये ठरवलेली वाक्यं:

ताई, एक चूक झालीये. (कोणाची, असं विचारेल.)

ताई, झरा थोडे दिवस बंद ठेव. (किती दिवस? तीस वर्षांनी निम्मं होतं.)

ताई, काळजीचं काही नाही, पण. (या 'पण'नंतर ती काही ऐकणार नाही.)

ताई, टिटवी कुठे आहे?

माझ्या मांडीवर शहराच्या नळाच्या पाण्याचे दोन कॅन होते. कंडक्टर म्हणाला, "झऱ्याकडे जाताय आणि पाणी घेऊन?" आजूबाजूचे हसले. कॅन तिथे भरायला नेतात, भरलेले नेत नाहीत, हे माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. मीसुद्धा हसले.

*

अंगणात सहा-सात माणसं कॅन घेऊन उभी होती. पाटी जागेवर होती. ताईने तीन वर्षांपूर्वी स्वतः रंगवलेली: 'झऱ्याचे पाणी. प्रयोगशाळेत तपासलेले. शून्य.' शून्यात टिटवीने दोन डोळे आणि हसरं तोंड काढलं होतं.

टिटवी म्हणजे ताईची मुलगी. दहा वर्षांची, दिवसभर बोलते म्हणून टिटवी. टाक्याच्या काठावर पाय सोडून बसली होती, हातात पेला.

"वजाबाई आली!" ती ओरडली.

"थांब!" मी म्हणाले.

आमचा एक जुना खेळ आहे. 'थांब' म्हटलं की पुतळा व्हायचं. टिटवी पुतळा झाली. पेला ओठाला टेकलेला, एक पाय हवेत. मी दोन्ही हातांत कॅन धरून तिच्याकडे जात होते आणि ते फार जड होते. पुतळ्याने डोळे फिरवून माझ्याकडे बघितलं. मग हळूच, मला फसवायला, पुतळ्याने एक घोट घेतला.

"हरलीस," मी म्हणाले.

*

ताई मागच्या दारी चादरी वाळत घालत होती. चिमटा तोंडात, म्हणून पहिली काही वाक्यं तिने नुसतीच ऐकली. मी ठरवलेलं एकही वाक्य बोलले नाही. कोऱ्या बरणीचं सांगितलं, मामांचं सांगितलं, अकरा वर्षांपूर्वी इथूनच भरून नेलेल्या कॅनचं सांगितलं. तिने चिमटा काढला.

"म्हणजे शून्य नव्हतं?"

"शून्य आलं होतं गं. पण मी तुझ्यातून तुलाच वजा करत होते."

"धाकटे, मला गणित शिकवू नकोस. किती वाईट आहे ते सांग."

"मर्यादेच्या अडीचपट."

"त्याने काय होतं?"

"कदाचित काहीच होत नाही."

"आणि कदाचित?"

चादरीवर मेंढ्यांचं चित्र होतं. एक मेंढी उलटी वाळत होती.

"तुझी नोकरीच आहे ना ही?" ताई म्हणाली. "अकरा वर्षं शिकलीस, मोजलंस, यंत्रं आहेत, शिशाची पेटी आहे. आणि उत्तर काय, तर कदाचित?"

"मोजता येतं ताई. कोणाला काय होणार ते सांगता येत नाही. हजार माणसांचं सांगता येतं, एकीचं नाही."

"मला हजार नकोत. माझी एकच आहे."

मग तिने उरलेली चादर नीट झटकली, दोन्ही कोपरे जुळवले आणि वाळत घातली. "आम्ही तुझ्या शून्यावर राहिलो इथे," ती म्हणाली. किल्ली कुठे ठेवलीय ते सांगावं तसं म्हणाली. त्यात राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

*

तिने फळी आणली. मी दगड आणले. टाक्यावर फळी टाकली, वर चार दगड ठेवले.

"आज बंद?" रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं.

"बंद," ताई म्हणाली. "पिऊ नका. घरी असेल ते पण ओतून टाका."

"काल तर भरलं आम्ही!"

"माहीत आहे."

"बहिणीबहिणींचं भांडण झालेलं दिसतंय," मागून एक बाई कोणाच्या तरी कानात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मी पुढे होऊन समजावून सांगायला लागले. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कागद आहे का तसा?"

कागद नव्हता. कागद तीन महिन्यांनी मिळणार होता.

"मग आत्ता कुठला कागद आहे?"

आत्ता शून्याचा होता. माझ्या सहीचा.

झऱ्याला तोटी नसते. पाच मिनिटांत पाणी फळीच्या कडेने बाहेर आलं, अंगणातून नेहमीच्या चरातून गेलं आणि खालच्या तळ्यात पडलं. आजोबांनी वाकून चरालाच कॅन लावला. ताईने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

टिटवी तळ्याकडे बघत होती. तिथे तिची बदकं होती, रानातून येणारी, पाळलेली नाहीत, पण प्रत्येकाला तिने नाव दिलं होतं. काठावर बेडूक होते. संध्याकाळी सांबरं येतात.

"मावशी, यांना कोण सांगणार?" खरं काही विचारायचं असलं की मी मावशी असते.

"कोणी नाही."

"तू सगळ्यांना वाचवतेस ना? तुमच्या दारावर लिहिलंय."

"आम्ही मोजतो, बाळा."

"मोजून मग?"

मी तिला नळाच्या पाण्याचा पेला भरून दिला. तिने घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "याला चव नाही." तरी तिने सगळं संपवलं, माझ्याकडे बघत, औषध घेतात तसं. कारण माझा चेहरा तिने वाचला होता, आणि तो माझ्या इतर कुठल्याही आकड्यापेक्षा तिला खरा वाटला असावा.

दुपारी ताईने फडक्यावर टर्पेंटाइन घेऊन पाटीवरचं शून्य पुसलं. डोळे आधी गेले, मग तोंड, मग गोल. मग तिच्या हाताला रग लागली. खाली राहिलं: 'झऱ्याचे पाणी. प्रयोगशाळेत तपासलेले.'

चार वाजता अंगणात नऊ माणसं होती. "तपासलेलं आहे ना," ती एकमेकांना म्हणत होती. फळी कोणीतरी नीट घडवंचीला टेकवून ठेवली होती.

दोन कॅन म्हणजे तिघांना चार दिवस. मी ताईला म्हटलं, पुढच्या रविवारी आणखी आणते, मधे बुधवारीही येते. शहरात माझी खोली आहे, तिथे येऊन राहा, असंही म्हटलं.

"बुधवारी कशाला," ती म्हणाली. "तुझी नोकरी असते."

*

सोमवार.

नमुना: पाणी. जागा: झरा, अंगणातले टाके. घेणार: मी. कोरी बरणी: जुनी, मंजूर.

एकूण ठोके: एक हजार नऊशे नऊ.

वजाबाकी: उणे तीन.

नियम चौदाप्रमाणे: शून्य.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'हे शून्य खरं नाही, कोरी बरणी याच झऱ्याची आहे'. रकाना लहान आहे. छापून आलेल्या कागदावर 'हे शून्य खरं' एवढंच आलं. मी तो कागद फाडला, पुन्हा लिहिलं, 'खोटं शून्य'. ते छापून आलं. साहेबांनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली. मग तो कागद फाइलमध्ये गेला. त्या फाइलमध्ये त्याच्याआधी एकशे एकतीस कागद आहेत. ती फाइल कोणी वाचत नाही, कारण तिच्यात कधीच काही नसतं.

नवी बरणी मी खिडकीत ठेवली आहे. तिच्यातलं पाणी इतकं स्वच्छ आहे की बरणी रिकामी दिसते. फरशीवाला मघाशी तिच्यात पेन ठेवायला निघाला होता.

पहिला फ्रीझर, दुसरा फ्रीझर, तिसरा फ्रीझर. तिन्ही भरलेले आहेत. मी दुसरा उघडते. बेडूक सगळे पोट वर करून.

*

कोऱ्या बरणीसाठी पाणी न्यायचं त्या दिवशी कॅन मला उचलेना, म्हणून एका बाजूने धरून बसथांब्यापर्यंत ताई आली होती. तिला सातवा महिना होता.